खोली सात, वर्ग चार, कायम

मावशी बावीस वर्षं रोज सकाळी साडेनऊपासून जंतू मारत आल्या होत्या, पण घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढून नवऱ्याला हाका मारायच्या. झुरळ दिसतं आणि जंतू दिसत नाही, एवढाच काय तो फरक, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावर वाद घालायला घरात कुणाची छाती नव्हती.

विद्यापीठाच्या सूक्ष्मजीव विभागात, तळमजल्यावर, जिन्याच्या मागे खोली नंबर सात होती. तिथे एक ऑटोक्लेव्ह होता, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कुकरचा आडदांड थोरला भाऊ. वरच्या मजल्यांवर संशोधक मंडळी जे काही जिवाणू-विषाणू लाडाकोडात वाढवत, त्यांचं काम संपलं की ते पिवळ्या पिशव्यांत भरून खाली यायचं. मावशी पिशवीवर पट्टी चिकटवायच्या, पिशवी यंत्रात ठेवायच्या, दाराचं चाक दोन्ही हातांनी आवळायच्या आणि एकशे एकवीस अंशांवर अर्धा तास वाफ द्यायच्या. पट्टीवर काळे पट्टे उमटले की आतलं सगळं मेलं. मग वहीत पिशवीचा नंबर, वेळ, शेवटच्या रकान्यात ‘नष्ट केले’, आणि सही. पट्टे फिके आले तर पिशवी परत आत. वरून कुणी कितीही घाई करो. एकदा विभागाचे मोठे प्राध्यापक स्वतः खाली आले आणि म्हणाले, “सही करून टाका हो मावशी, मला परिषदेला निघायचंय.” मावशी म्हणाल्या, “तुम्ही निघा ना सर. जंतू थांबतील.”

अशा या मावशी तात्पुरत्या होत्या. बावीस वर्षं तात्पुरत्या. विभागात असे बारा जण होते, कुणी जंतूंच्या काचेच्या बशा धुणारं, कुणी उंदरांचे पिंजरे साफ करणारं, कुणी खोकी वाहणारं. सलग नोकरी झाली असं कागदावर दिसू नये म्हणून दर सहा महिन्यांनी त्यांना एक दिवस काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे. हजेरीपटावर त्यांची नावं नव्हती. तळाला ‘इतर’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे बारा हा आकडा. आपण कधी तरी कायम होऊ, ही मावशींची एकच इच्छा होती. म्हणजे त्या काही मोठं मागत नव्हत्या. फक्त सहा महिन्यांनी येणारा तो एक दिवस त्यांना नको होता. त्या दिवशी घरी बसून त्या रिकाम्या हातांकडे बघत राहायच्या आणि नवऱ्याशी उगाच भांडायच्या.

नवरा छापखान्यात मुद्रितशोधक होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून तो निवृत्त झाला होता, पण डोळे निवृत्त व्हायला तयार नव्हते. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा तो लाल पेन घेऊन वाचायचा. एकदा मावशींचा डबा राहिला म्हणून तो द्यायला आला, तर खोली सातच्या दारावरची पाटी बघून तिथेच थबकला. “अगं, ‘निर्जंतूक’मधला तू दीर्घ काढलाय यांनी. ऱ्हस्व पाहिजे. हे लोक जंतू काय मारणार?” डबा तसाच हातात धरून तो विभागप्रमुखांना भेटायला निघाला होता. मावशींनी त्याला जिन्यावरून ओढून आणलं.

तर अशा सगळ्या सुरळीत चाललेल्या तात्पुरतेपणात विभागाला नवे जैवसुरक्षा अधिकारी आले. माणूस प्रामाणिक, तरुण आणि चौकटींवर जीव टाकणारा. फॉर्मवरची एकही चौकट रिकामी राहिलेली त्यांना खपत नसे, म्हणून विद्यार्थ्यांनी आठवड्याभरात त्यांचं नाव चौकटसाहेब पाडलं. बाहेरच्या मंडळाची तपासणी तोंडावर आली होती. इमारतीत कायमस्वरूपी ठेवलेल्या प्रत्येक धोकादायक जीवाची यादी मंडळाला पाठवायची होती. आता यादी करायची तर खोल्यांत जायला हवं. पण नियम असा होता की सुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणीही धोकादायक खोलीत पाऊल टाकायचं नाही, आणि ते प्रशिक्षण द्यायचं होतं जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी. चौकटसाहेबांनी स्वतःला प्रशिक्षण द्यायची परवानगी मागितली होती. अर्ज समितीपुढे पडून होता. तोवर त्यांनी सगळी यादी फोनवर करायचं ठरवलं.

यादीचा शेवटचा दिवस उजाडला आणि शेवटची खोली उरली ती सात नंबरची.

“खोली सात का? जैवसुरक्षा कार्यालयातून बोलतोय. कायमच्या यादीचं काम चाललंय. तुमच्याकडे कायम काय असतं?”

मागे वाफ फुसफुसत होती. मावशींना त्यातलं ‘कायमच्या यादीचं काम’ एवढं स्वच्छ ऐकू आलं. त्या स्टुलावर बसल्या.

“पिशव्या काय साहेब, येतात नि जातात,” त्या म्हणाल्या. “कायम म्हणाल तर इथं एकच. मावशी.”

चौकटसाहेबांना यात काहीही वावगं वाटलं नाही. कसं वाटणार? सकाळपासून त्यांनी हेच ऐकलं होतं. संशोधक आपल्या जंतूंना लाडाने घरातलीच नावं ठेवत. दुसऱ्या मजल्यावर चाळीस वर्षं जुनं, काही केल्या न मरणारं एक वाण होतं, त्याचं नाव आजोबा. एक सारखं शेजारच्या बशीत शिरायचं, त्या काकू. एक नुसतं खायचं आणि प्रयोगाच्या वेळी काही करायचं नाही, त्याला सगळे जावईबापू म्हणत. चौकटसाहेबांनी आजोबा, काकू आणि जावईबापूंच्या खाली मावशी लिहिलं.

“किती वर्षं झाली?”

“बावीस.”

“अरे वा. तापमान काय असतं?”

“एकशे एकवीस.”

“एकशे एकवीस अंशांना काही होत नाही?”

“सुरुवातीला व्हायचं हो. आता सवय झालीय.” बावीस वर्षांत उकाड्याचं कुणी विचारलं नव्हतं.

“माणसांना काही त्रास?”

“नाही हो. उगाच कुणी डिवचलं तरच.”

“काढून टाकायचा कधी प्रयत्न झालाय?”

“दर सहा महिन्यांनी होतो की साहेब. आज काढतात, उद्या परत हजर.”

चौकटसाहेबांनी घाम पुसला आणि लिहिलं: उच्च तापमानास दाद देत नाही. डिवचल्यास उपद्रवी. समूळ नायनाटाचे प्रयत्न निष्फळ, चोवीस तासांत पुन्हा प्रादुर्भाव. जंतूंचे धोक्याप्रमाणे चार वर्ग असतात, चौथा सगळ्यांत जहाल. मावशींची नोंद चौथ्यात झाली. मुदतीच्या चौकटीत त्यांनी ‘कायम’वर खूण केली आणि यादी मंडळाला रवाना केली.

त्या संध्याकाळी मावशी घरी पोचल्या त्या जमिनीवरून चालत नव्हत्याच. “किती आपुलकीने बोलले साहेब! वर्षं विचारली, त्रास विचारला. आणि कायमची यादी आहे म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलं.”

“कागद हातात आला का?” नवऱ्याने चष्म्यावरून विचारलं.

“येईल.”

“आला की आधी मला दाखव. आणि नाव बघून घे. लोक नावं फार चुकवतात.”

कागद आठ दिवसांनी आला, पण निराळाच. सूचनाफलकावर लागला होता. यापुढे विभागातला जैविक कचरा बाहेरची कंपनी उचलून नेईल, धुण्यापुसण्याचं कामही तीच कंपनी करील, सबब ‘इतर’ या सदरातील बारा व्यक्तींची महिनाअखेरीपासून आवश्यकता नाही. काच धुणाऱ्या बाईंनी तो दोनदा वाचला. त्या अठरा वर्षं मावशींबरोबर एकाच बाकावर बसून चहा पीत होत्या. “बारा व्यक्ती,” त्या म्हणाल्या. “आपली नावं घालायला शाई संपली असेल.”

मावशी मात्र घाबरल्या नाहीत. त्या हात धुऊन, केस नीट करून तडक चौकटसाहेबांच्या कार्यालयात गेल्या. साहेबांना त्या प्रथमच बघत होत्या.

“साहेब, फलकावर चूक झालीय. अकरा पाहिजेत. माझं नाव तुम्ही कायमच्या यादीत घातलंय.”

साहेबांनी कर्मचाऱ्यांची यादी उघडली. त्यात काही नव्हतं. “कुठल्या यादीत?”

“तुम्हीच फोन केला होता की. खोली सात.”

साहेबांनी दुसरी यादी उघडली आणि सवयीने मोठ्याने वाचत गेले. “खोली सात. मावशी. वर्ग चार. कायम.”

“बघा!” मावशी म्हणाल्या. शिपायांचा वर्ग चार असतो हे त्यांना माहीत होतं. त्यांना याहून वरचं काही नकोच होतं.

“मावशी म्हणजे,” साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग परत त्यांच्याकडे, “तुम्ही?”

“मग कोण?”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खुर्ची जराशी मागे घेतली. त्या धोकादायक नाहीत हे त्यांना कळत होतं, पण नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती आणि स्वतःच्या नोंदीवर अविश्वास दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सगळा घोळ मावशींना समजावून सांगितला. मावशींना तो कळायला वेळ लागला, आणि कळला तेव्हा त्या रडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, “म्हणजे मी जंतू म्हणून कायम झाले.”

“दुरुस्ती करू आपण,” साहेब घाईघाईने म्हणाले. “पण यादी मंडळाकडे गेलीय. सत्तावीस तारखेला समितीची बैठक आहे, मंडळाच्या तपासनीस बाई येणार आहेत, तेव्हाच ती बदलता येईल. तोवर…” ते अडखळले. “तोवर नियम लागू राहतील.”

आणि नियम लागू झाले. चौकटसाहेबांना अर्धवट काही करताच येत नसे.

खोली सातच्या दारावर लाल त्रिकोणाची पाटी लागली. वर्ग चारचा जीव एकटा सोडायचा नाही, म्हणून मावशींबरोबर कायम दोन माणसं. त्याची अवस्था दिवसातून दोनदा बघून नोंदवायची, म्हणून पहारेकरी दहा वाजता आणि चार वाजता वही घेऊन यायचा आणि विचारायचा, “मावशी, ठीक आहात?” त्या ‘ठीक’ म्हणाल्या की तो ‘स्थिर’ लिहायचा. पहिल्या दिवशी मावशी चिडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं, तर चौकटसाहेब दारापर्यंत धावत आले आणि यंत्रापाशी गादीची खुर्ची आली. चौदा वर्षं बंद पडलेला पंखा एका दुपारी सुरू झाला, कारण वर्ग चारच्या जीवाला हवा खेळती लागते. माणूस म्हणून त्यांनी त्या पंख्यासाठी नऊ अर्ज केले होते.

खरं घोडं अडलं ते संध्याकाळी घरी जायचं तेव्हा. वर्ग चारचा जीव इमारतीबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो. साहेबांनी तो रोज पाच वाजता भरायला सुरुवात केली. पाठवणार: विद्यापीठ. स्वीकारणार: यजमान. वेष्टन: तीन पदरी. या चौकटीपाशी साहेब बराच वेळ घुटमळले आणि शेवटी त्यांनी लिहिलं, ‘कपडे, शाल, छत्री’. घरी नवऱ्याने तो कागद दोन्ही बाजूंनी वाचला, तीन ठिकाणी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि तळाला सही केली: माल सुस्थितीत पोचला. गळती नाही.

“काय हो हे!” मावशी म्हणाल्या.

“बाकी काही असो,” तो म्हणाला, “लग्नानंतर तुझी पोच मी पहिल्यांदाच देतोय.” मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पेन खाली ठेवलं आणि मुकाट्याने चहा टाकायला उठला.

मधल्या काळात आणखी एक गंमत झाली. बाहेरच्या कंपनीने पत्र पाठवलं की वर्ग चारचा माल आम्ही उचलत नाही आणि तो ज्या खोलीत आहे त्या खोलीला हातही लावणार नाही. त्यामुळे फलकावर बारा खोडून अकरा झालं. मावशींना काढताच येईना. बावीस वर्षं त्यांनी चोख काम केलं तेव्हा त्या नकोशा होत्या, आणि आता नुसत्या बसून राहिल्या तरी त्यांना हलवायला सगळी इमारत घाबरत होती. असल्या कारभाराला काय म्हणावं ते म्हणा.

पण त्या अकरा आकड्याने मावशींचा जीव खाल्ला. चहाच्या बाकावर त्या बसायला गेल्या की दोन सोबती दोन बाजूंना उभे, आणि बाकीचे अवघडून उठायचे. काच धुणाऱ्या बाई एकट्या बसून राहिल्या. “तुमचं बरं झालं हो मावशी,” त्या म्हणाल्या. त्यात खोच नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. “तुम्ही विषारी तरी निघालात.”

मावशींना लाज वाटली. आपण काही केलं नाही हे माहीत असूनही वाटली.

सत्तावीस तारखेला समिती बसली. अध्यक्ष होते तेच ते परिषदेची घाई असणारे मोठे प्राध्यापक. त्यांच्या उजव्या हाताला मंडळाच्या तपासनीस बाई, चेहरा असा की हसल्या तर नोंद करावी लागेल. मावशींना नियमाप्रमाणे दोन माणसांनी आत आणलं आणि टेबलापासून दोन मीटरवर उभं केलं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. “किरकोळ बाब आहे. खोली सातची नोंद चुकून झालीय. ती रद्द करू आणि पुढच्या विषयाकडे वळू.”

“चौथ्या वर्गातली कायम नोंद रद्द होत नाही,” तपासनीस बाई म्हणाल्या. “जीव एकदा नोंदला की त्याचं काय झालं ते कागदावर दिसायला हवं. नष्ट केल्याचा दाखला जोडा, नोंद निघेल.”

“जोडतो. दाखल्यावर सही कुणाची लागते?”

“ऑटोक्लेव्ह चालवणाऱ्याची,” चौकटसाहेब हळूच म्हणाले.

“मग घ्या त्याची.”

चौकटसाहेबांनी नुसतं मावशींकडे बोट दाखवलं.

अध्यक्षांनी आवाजात साखर घातली. “मावशी, एक सही करून टाका. ‘नष्ट केले’ एवढंच. औपचारिकता आहे. तुमचं पुढे काय करायचं ते आपण पुढच्या बैठकीत नक्की बघू.”

पुढची बैठक! मावशींनी आजवर चौदा अध्यक्षांच्या तोंडून पुढची बैठक ऐकली होती.

“नाही करणार,” त्या म्हणाल्या.

“अहो, रोज तर करता.”

“रोज करते ती मेलेल्यावर करते. पट्टे काळे झाल्याशिवाय एक अक्षर लिहिलं नाही मी बावीस वर्षांत, तुम्हाला माहीत आहे सर. मी तर धडधडीत जिवंत उभी आहे तुमच्यापुढे.” त्या थांबल्या नाहीत. “आणि नष्ट झाले असं लिहायचं तर आधी मी होते असं कुठे तरी लिहा. जी कधी नव्हतीच ती नष्ट कशी होईल?”

“हे पाहा,” अध्यक्षांचा पारा चढला, “तुम्ही विद्यापीठाच्या नोकरीत कधी नव्हताच. हजेरीपटावर तुमचं नाव नाही. तांत्रिकदृष्ट्या या बाईंचा या इमारतीशी संबंधच नाही!”

तपासनीस बाईंनी मान वर केली. “संबंध नाही?”

“अजिबात नाही.”

“मग या वह्यांवर सह्या कुणाच्या आहेत?” त्यांच्यापुढे खोली सातच्या वह्यांची चळत होती, बावीस वर्षांची. त्यांनी एक मधूनच उघडली, मग दुसरी, मग तिसरी. “सगळीकडे एकच सही.”

“यांचीच,” अध्यक्ष म्हणाले.

“म्हणजे यातला प्रत्येक जीव अनधिकृत व्यक्तीने नष्ट केला. नियमाप्रमाणे तो नष्ट झालाच नाही.” बाईंनी पेनाचं टोपण काढलं. “बावीस वर्षं तुम्ही वाढवलेला एकूण एक जंतू या इमारतीत आजही जिवंत आहे असं मला लिहावं लागेल. इमारत आजच बंद करावी लागेल. आपणही बाहेर जाऊ शकणार नाही, अर्थात.”

समितीतल्या एका सदस्याने नकळत नाकाला रुमाल लावला. दुसरे पाय उचलून बसले, जणू टेबलाखालून काही सरपटत येत होतं. अध्यक्षांचं गणित सगळ्यांत आधी झालं, कारण त्या वह्यांतले निम्मे जंतू त्यांचेच होते आणि ते एकेकाला नावानिशी ओळखत होते.

“मतदान घेऊ,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “ते जंतू मेले आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत.”

सगळे हात वर गेले. चौकटसाहेबांना मताधिकार नव्हता, पण त्यांनी दोन्ही केले.

“मेले असतील,” तपासनीस बाई म्हणाल्या, “तर मारणारी व्यक्ती पहिल्या सहीच्या तारखेपासून नोकरीत असलीच पाहिजे. मुदत?”

अध्यक्षांनी छताकडे बघितलं, वह्यांच्या चळतीकडे बघितलं.

“कायम,” ते म्हणाले.

मावशींनी हाताशी येईल ती खुर्ची धरली. दोन मीटरचा नियम मोडून त्या टेबलाला लागून उभ्या होत्या आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

“जंतूची नोंद कर्मचाऱ्याच्या नोंदीत वर्ग करता येईल,” तपासनीस बाई म्हणाल्या. “त्याला नष्ट करणं म्हणत नाहीत. लिहा.”

लिपिकाने इतिवृत्ताचं पान सरळ केलं. “खोली सातमधील ऑटोक्लेव्ह-चालक, श्रीमती…” तो थांबला. त्याने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी चौकटसाहेबांकडे बघितलं. चौकटसाहेबांनी आपल्या यादीत बोट फिरवलं, तिथे मावशी एवढंच होतं. तपासनीस बाईंनी एक वही डोळ्यांजवळ नेली आणि परत ठेवली. सही होती, सगळ्यांनी बावीस वर्षं ती बघितली होती, वाचली कुणीच नव्हती.

मावशींनी नाव सांगितलं. स्वतःचं, मग आडनाव, सावकाश, कुणाला तरी पत्ता सांगावा तसं. लिपिकाने लिहिलं. मावशी वाकल्या आणि त्यांनी पानावर बोट ठेवलं. “इथं दीर्घ पाहिजे.” त्याने खोडलं. “खोडू नका. पान बदला.” लिपिकाने पान बदललं.

नवं पान वाचून झाल्यावर मावशींनी सही केली. मग दाराकडे वळल्या. दोन सोबती सवयीने त्यांच्या मागे निघाले, तशी त्या म्हणाल्या, “आता कशाला?” आणि त्यांना मागे ठेवून एकट्या बाहेर आल्या. चौकटसाहेब आपला फॉर्मचा गठ्ठा सावरत पाठोपाठ आले.

बाहेर व्हरांड्यात बाकीचे अकरा जण भिंतीला ओळीने उभे होते. आतलं सगळं त्यांना दारातून ऐकू आलं होतं. मावशींना त्यांच्याकडे बघवेना. आपलं झालं याचा आनंद छातीत मावत नव्हता आणि तो या लोकांपुढे कुठे लपवावा ते कळत नव्हतं. पण त्यांना कुणी काही विचारलंच नाही. ती सगळी ओळ चौकटसाहेबांच्या दिशेने सरकली.

सगळ्यांत पुढे काच धुणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दोन्ही तळवे साहेबांसमोर धरले, पाण्याने आणि साबणाने उललेले, नखं झिजलेली.

“अठरा वर्षं तुमच्या आजोबा-काकूंच्या बशा या हातांनी धुतल्यात साहेब,” त्या म्हणाल्या. “मी किती धोकादायक झालेय ते बघा आणि लिहून घ्या. तीन दिवस उरलेत.”

त्यांच्यामागे पिंजरेवाल्याने बाही वर केली. उंदीर चावल्याचे वण मोजून घ्या म्हणाला.

चौकटसाहेबांनी त्या हातांकडे बघितलं. नियमात हे बसत नव्हतं, आणि नियमात न बसणारं काही त्यांनी आजवर केलं नव्हतं. मग त्यांनी खिडकीच्या कठड्यावर गठ्ठा ठेवला, वरचा फॉर्म घेतला, पेन काढलं, आणि खोली नंबरची चौकट शोधू लागले.

“साहेब,” मावशी म्हणाल्या, “आधी त्यांना नाव विचारा.”